गाडी येऊन राहिली

नागपूर स्टेशनवर उतरणारा प्रवासी मुळातच वैतागलेला असतो. हे विधान कोणाला अन्यायाचं वाटेल, त्याने नकाशा उघडून पाहावा. मुंबईहून निघालेली गाडी सव्वाआठशे किलोमीटरहून जास्त धावून इथे पोचते. दिल्ली, हावडा आणि चेन्नई ही तिन्ही ठिकाणं हजार किलोमीटरच्या आगेमागे. एवढ्या अंतरात गाडीला उशीर करायला भरपूर वाव मिळतो. थोडा इटारसीला, थोडा भुसावळला, थोडा बल्लारशाला, थोडा दुर्गला, असा चारी दिशांनी वेचून आणलेला उशीर नागपूरच्या फलाटांवर ओतला जातो. महाबळेश्वरला माणूस थंड व्हायला जातो, पंढरपूरला नम्र व्हायला. नागपूरला तो बहुतेक वेळा दुसरीकडे जाता जाता येतो. १९२५ साली उघडलेली स्टेशनची दगडी इमारत गेली शंभर वर्षं असल्या लोकांची तोंडं बघत उभी आहे. देशाच्या मधोमध असण्याचा अभिमान नागपूरकराला असतो, आणि असावाही. पण मधोमध असणं म्हणजे साऱ्या देशाची चिडचिड आपल्या अंगणातून जाणं, हे तो पर्यटनाच्या पत्रकात छापत नाही.

या वैतागलेल्या माणसाशी वागायचं कसं, हा खरा प्रश्न. रेल्वेने त्यावर एक उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवलं आहे. गाडी चार तास उशिरा असल्याचं सांगून झालं की ध्वनिक्षेपकातली बाई तीन भाषांमध्ये दिलगिरी व्यक्त करते. आवाज गोड, उच्चार स्वच्छ, पट्टी कधी चढत नाही. संयमाचा यापेक्षा चांगला नमुना मिळणार नाही. पण त्या दिलगिरीने निवलेला एकही प्रवासी कोणत्याही फलाटावर आढळत नाही. उलट तिसऱ्या भाषेपर्यंत तो जरा जास्तच पेटलेला असतो. आणि त्याच फलाटावर, बाकावर पसरून बसलेला एखादा माणूस आपली पिशवी उचलून मांडीवर घेतो, चार बोटं सरकतो आणि म्हणतो, “काहून तापून राहिले भाऊ? बसा ना.” यात दिलगिरी नाही, गोडवा तर अजिबातच नाही, पुण्याच्या कानाला ते वाक्य जवळजवळ भांडणाची नांदी वाटेल. तरी माणूस बसतो, आणि बसला की निम्मा उतरतो. बाईच्या आवाजात नसलेलं असं या चार बोटांत काय आहे? या लेखाचं सगळं म्हणणं त्या चार बोटांच्या जागेत मावतं.

मराठीत राग आणि वैताग हे दोन शब्द वेगळे आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत. राग पत्त्यावर येतो. तुम्ही माझी जमीन लाटली, मला तुमचा राग आला. घराचा क्रमांक, गल्ली, सगळं स्पष्ट. वैताग बेवारस असतो. तो इटारसीच्या सिग्नलवर जन्मतो, बैतूलच्या घाटात वाढतो, डब्यातल्या बंद पंख्याखाली वयात येतो आणि नागपूरला उतरून जो पहिला माणूस दिसेल त्याच्या गळ्यात पडतो. तो पहिला माणूस हमाल असेल, चहावाला असेल, नाहीतर चौकशीच्या खिडकीतला कारकून. त्याची चूक एवढीच की तो तिथे होता. आता या पहिल्या माणसाने वैतागाला राग समजून उत्तर दिलं, “मी काय केलं? माझ्यावर कशाला ओरडता?”, की बेवारस वैतागाला ताबडतोब पत्ता मिळतो. त्याचा राग होतो. पुढचं भांडण मग अगदी कायदेशीर असतं, दोन्ही बाजूंना साक्षीदारही मिळतात. म्हणून माझं म्हणणं असं, की अनोळखी माणसाच्या वैतागाला उत्तर देऊ नये, वाट द्यावी. आणि ही वाट शब्दांपेक्षा वस्तूंनी चांगली देता येते: जागा, पाणी, दोन मिनिटं.

याचा पुरावा नागपुरात अक्षरशः लोखंडात घडवून ठेवला आहे. हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई या दोन मोठ्या मार्गांचे रूळ इथे एकमेकांना छेदून जातात. रेल्वेच्या भाषेत याला डायमंड क्रॉसिंग म्हणतात आणि गाडीतून जाताना ते पाहण्यासाठी हौशी मंडळी दारात लोंबकळतात. पाहण्यासारखं तिथे काही नसतं. चार रुळांची एक चौकट आणि खडी. पण तिची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. साध्या सांध्यावर रूळ सरकवून गाडीला दुसऱ्या मार्गावर वळवता येतं. डायमंडवर सरकणारं काहीच नसतं. तिथे कोणत्याही गाडीचं मन वळवता येत नाही, तिला समजावता येत नाही, हावड्याला निघालेल्या गाडीला चेन्नईचे फायदे सांगता येत नाहीत. एकच गोष्ट करता येते: एकीला सिग्नलवर थांबवायचं आणि दुसरीला धडधडत जाऊ द्यायचं. थांबलेल्या गाडीचा यात काही कमीपणा होत नाही. फक्त कोणीतरी थांबावं लागतं, आणि ज्याचा वेग आधीच कमी असेल त्याला थांबवणं सोपं पडतं. अनोळखी माणसाच्या वैतागासमोर उभ्या असलेल्याचं काम नेमकं हेच आहे, आणि आपण बहुतेक जण तिथे सांधा बदलायला धावतो. “अहो पण तुम्ही असं पाहा ना,” म्हणतो. लोखंडाला जे जमत नाही ते जिभेने करायला जातो.

नागपुरी बोलीने तर थांबण्याची सोय क्रियापदातच करून ठेवली आहे. प्रमाण मराठीत गाडी “येत आहे”. नागपुरात गाडी “येऊन राहिली”. हिंदीच्या शेजारामुळे ही रचना आली असं भाषेचे जाणकार सांगतात, आणि ते खरंच आहे. पण तिचा फलाटावरचा उपयोग व्याकरणात सापडत नाही. “येऊन राहिली” म्हणजे ती येतेय, पण येण्याच्या क्रियेतच तिने बिऱ्हाड केलंय. ती कधीची येऊन राहिली आहे आणि आणखी बराच वेळ येऊन राहणार आहे. यात खोटं काही नाही, आश्वासनही नाही. डेव्हिड मेइस्टर नावाच्या व्यवस्थापनतज्ज्ञाने १९८५ साली रांगेत ताटकळणाऱ्यांच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. किती वेळ थांबायचंय हे ठाऊक नसेल, किंवा का थांबलोय हे कोणी सांगत नसेल, तर तेवढाच वेळ लांबलेला वाटतो, असा त्याचा सारांश. त्याप्रमाणे प्रवाशाला कारण आणि वेळ दोन्ही सांगावं हे उत्तम. पण फलाटावरच्या चहावाल्याजवळ दोन्ही नसतं. त्याच्याजवळ फक्त क्रियापद असतं, आणि तो ते चहाबरोबर देतो. प्रवाशाला एवढं कळतं की या अनिश्चिततेत आपण एकटे नाही, हा माणूसही आपल्याबरोबर राहून राहिला आहे.

बाहेरगावच्या माणसाला यातला चांगुलपणा चटकन दिसत नाही, कारण त्याने चांगुलपणा मऊ आवाजात ऐकलेला असतो. नागपूरचा सूर चढा. “काय बे” हे इथे प्रेमाने म्हणतात, “बे” लावण्याइतकी ओळख नसेल तर “भाऊ” लावतात, आणि “भाऊ” हा शब्द रिक्षावाल्यापासून आमदारापर्यंत सर्वांना एकाच मापाने शिवलेला असतो. त्यात शब्दांचे खड्डे. सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर उभ्या राहिलेल्या पाहुण्याला विक्रेता विचारतो, “सांबार टाकू?” पाहुणा आधीच रात्रभर न झोपलेला. पोह्यांवर सांबार ही कल्पनाच त्याला मद्रासी अत्याचार वाटते. तो फणकाऱ्याने म्हणतो, नको, कोथिंबीर टाका. विक्रेता कोथिंबीर टाकतो, कारण विदर्भात कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. इथे पाहुण्याला व्युत्पत्ती समजावून सांगण्याची नामी संधी असते. दहा माणसं ऐकायला आहेत, पाहुणा चुकलेला आहे, विजय निश्चित आहे. अनुभवी ठेलेवाला ती संधी सोडतो. तो नुसतं विचारतो, “तर्री कमी मारू की जास्त?” वैतागलेल्या माणसाला दिवसभरात प्रथमच कोणीतरी त्याची मर्जी विचारलेली असते. गाडी किती वाजता पोचावी हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, वरचा बर्थ हवा की खालचा हेही संगणकाने ठरवलं होतं. तर्रीचं प्रमाण मात्र त्याच्या हातात. तो ताठ होऊन “जास्त” म्हणतो. मग चण्याचा लालभडक रस्सा पोह्यांवरून कडेपर्यंत वाहतो, पहिल्या घासाला नाक वाहू लागतं, दुसऱ्याला डोळे, आणि तिसऱ्याला गाडीच्या उशिराबद्दल बोलायला तोंड रिकामं उरत नाही. ही शांतता तत्त्वज्ञानाने आलेली नसते, हे कबूल.

इथवर नागपूरची बाजू घेतली. आता तिच्यातली एक खोट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख नगरपालिकेचं माहितीपत्रक ठरेल. नागपुरी माणसाला कोणी रस्ता विचारला की “ठाऊक नाही” म्हणणं जिवावर येतं. आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? मग तो हात लांब करून सांगतो, “इथंच त हाये.” हे “इथंच” पन्नास पावलांपासून पाच किलोमीटरपर्यंत कुठेही असू शकतं. गंमत अशी की याच गावात अंतरं मोजण्याचं स्मारक आहे. झिरो माइलचा वाळूच्या दगडाचा खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे पाहायला प्रत्येक प्रवासी जातो. भारताचा मध्यबिंदू पाहिला म्हणून छायाचित्र काढून घेतो. वास्तविक ती सर्वेक्षण खात्याची खूण. तिथल्या दगडावर १९०७ हे साल आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी कोरलेली आहे, आणि खांबावर गावोगावची अंतरं मैलांत. देशाच्या भौगोलिक मध्याचा मान आता मध्य प्रदेशातल्या करौंदी गावाला देतात. पण ते असो. फुटाचा हजारावा भाग मोजणाऱ्या दगडापासून हाकेच्या अंतरावर उभं राहून “महाल कुठे?” असं विचारावं, तर “इथंच” असं उत्तर मिळतं. भर दुपारी घामाघूम माणसाला बर्डीवरून महालऐवजी सदरच्या दिशेला धाडणं ही माया नव्हे. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून त्याचे पाय मोडायचे, असा हा प्रकार. धीराने वागणं म्हणजे गोड थाप मारणं असा अर्थ कोणी लावत असेल, तर त्यापेक्षा पुणेरी पाटी परवडली. ती निदान बाण बरोबर दाखवते.

आता ऊन. नागपूरच्या कोणत्याही प्रवासवर्णनात ऊन हे स्थळ म्हणूनच द्यावं लागतं, अंबाझरी आणि फुटाळ्याच्या जोडीने. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, हा शब्द इथे पंचांगातून निघून थेट कातडीवर येतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं फिनिक्स हे असंच भाजून निघणारं शहर. तिथे दोन संशोधकांनी एक खोडसाळ प्रयोग केला, तो १९८६ साली प्रसिद्ध झाला. एक मोटार हिरवा दिवा लागल्यावरही चौकात मुद्दाम उभी ठेवायची आणि मागचा चालक किती लवकर, किती वेळा, किती लांब हॉर्न वाजवतो ते मोजायचं. पारा चढेल तसा हॉर्न वाढत गेला. आणि ज्यांच्या काचा खाली होत्या, म्हणजे ज्यांच्याकडे वातानुकूलन नव्हतं, त्यांच्यात ही वाढ जास्त ठळक होती. माणूस तोच, चूक तीच, फक्त काच वर की खाली एवढ्यावर स्वभाव ठरला. हा निष्कर्ष वाचून नागपूरच्या व्हेरायटी चौकातला कोणताही दुचाकीस्वार दुपट्ट्याच्या आतून हसेल. गेल्या काही वर्षांत नागपुरात उन्हाळ्यात काही सिग्नलांपाशी हिरव्या जाळ्यांची सावली धरतात. वाहनचालकांनी सौजन्य बाळगावं असे फलक लावण्यापेक्षा ही जाळी कितीतरी शहाणी. सौजन्य बाळगायला डोकं लागतं, आणि डोकं तर तापलेलं आहे. म्हणून आधी डोक्यावर काहीतरी धरा.

याच विचाराची जुनी, घरगुती आवृत्ती म्हणजे पाणपोई, आणि ती जवळ जाऊन पाहण्यासारखी आहे. चौकाच्या कडेला बांबूंवर ताटी टाकलेली, खाली वाळूत बसवलेले माठ, त्यांना गुंडाळलेलं ओलं गोणपाट आणि तोंडावर लाल फडकं. लांब दांड्याचं ओगराळं माठात बुडवून कोणीतरी वरून पाण्याची धार सोडतं आणि खाली ओंजळ धरली जाते. आता ओंजळीने पाणी पिणाऱ्या माणसाची ठेवण पाहा. दोन्ही हात गुंतलेले. मान खाली. तोंड कामात. पाय जरा मागे, कारण अंगावर उडू नये. या आसनात भांडण करता येत नाही. बोट दाखवता येत नाही, गळपट्टी धरता येत नाही, “तुम्ही ओळखता का मला?” हेही विचारता येत नाही, कारण तसं विचारलं तर ठसका लागतो. पोट भरलं की माणूस मान हलवतो, धार थांबते, ओल्या हाताने तो तोंड पुसतो, मानेवरून फिरवतो आणि मग पहिल्यांदा समोरच्याकडे पाहतो. तेव्हा त्याने जे विचारायचं ते विचारावं. आता उत्तर त्याच्या कानात शिरेल. “पाणी प्या पयले” या नागपुरी वाक्यातला “पयले” हा शब्द म्हणून महत्त्वाचा. माहिती नंतर. न्यायनिवाडा तर त्याच्याही नंतर.

यावर पहिला आक्षेप असा, की हे सारं रिकामटेकड्यांना ठीक. तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या माणसासमोर तीनशेची रांग असते, त्याने प्रत्येकाला माठातलं पाणी पाजायचं का? आक्षेपात तथ्य आहे. प्रिन्स्टनच्या धर्मविद्यालयातल्या विद्यार्थ्यांवरचा १९७३ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांच्यातल्या काहींना परोपकारी शोमरोनी माणसाच्या बोधकथेवर बोलायला पलीकडच्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत कण्हणारा एक माणूस बसवून ठेवला. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना उशीर झाल्याचं सांगितलं होतं त्यांच्यातले फक्त १० टक्के. काही जण तर परोपकारावर बोलायच्या गडबडीत त्याला ओलांडून गेले. म्हणजे माया ही घड्याळाच्या ताब्यात असते. याचा अर्थ मी असा घेतो, की खिडकीतल्या माणसाकडून संत व्हायची अपेक्षा करण्याआधी शेजारची बंद खिडकी उघडावी. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ मध्ये विमानसेविकांचा अभ्यास करून दाखवून दिलं होतं, की हुकमी हसू हीही मजुरीच असते आणि तिची झीज माणसाला सोसावी लागते. नागपूरच्या कारकुनाला कोणी हसायला लावत नाही, तो हसतही नाही, आणि हे मला त्याच्या तब्येतीच्या दृष्टीने चांगलं वाटतं. त्याच्याकडून मागायचं ते हसू नव्हे. वैताग आपल्याला उद्देशून नाही, एवढं ओळखणं. त्याला सेकंदही लागत नाही. उलट “माझ्यावर कशाला ओरडता?” या वादात तीन मिनिटं जातात आणि रांग तेवढी लांबते.

दुसरा आक्षेप नेहमीचा: सगळ्यांनी काय एकनाथ व्हायचं? पैठणला गोदेवरून स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक माणूस पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि नाथ दर वेळी शांतपणे पुन्हा स्नानाला गेले, एकशे आठ वेळा, ही आख्यायिका मराठी माणूस शाळेतच ऐकतो आणि शाळेतच सोडून येतो. नागपुरापुरतं तिला एक तांत्रिक उत्तर आहे. पैठणला गोदावरी होती. नागपूरला नाग नदी आहे, आणि तिच्यात एकदा उतरून आलेल्या माणसाच्या सहनशीलतेची दुसरी परीक्षा घ्यायची गरज उरत नाही. पण खरं उत्तर वेगळं. नाथांची गोष्ट अपमान गिळण्याची आहे. फलाटावरच्या बाकाची गोष्ट अपमान झालाच नाही हे ओळखण्याची. पहिलीला संतत्व लागतं, दुसरीला थोडं भूगोलाचं ज्ञान पुरतं. हा माणूस कोणत्या गाडीने आला आणि ती किती तास उशिरा होती, एवढी माहिती असली की त्याचे निम्मे शब्द आपोआप रेल्वेच्या खात्यावर जमा होतात.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: असं नमतं घेतलं की समोरचा चढून बसतो. यावर नागपूरचा ऑटोवाला हा खात्रीचा साक्षीदार. मीटर त्याच्याजवळ असतो, घरात आजोबांची तसबीर असते तसा. आदर पूर्ण, सल्ला कोणी घेत नाही. भाडं ऐकून पाहुणा भडकतो, मुंबईत मीटरने कसं चालतं हे सांगतो, महाराष्ट्र शासनाचा उद्धार करतो. ऑटोवाला सगळं ऐकून घेतो. मध्ये “हाव ना भाऊ” म्हणतो. सामान आत घेतो. “ऊन लय हाये, बसा तं खरं,” म्हणतो. आणि भाडं एका रुपयानेही कमी करत नाही. मीटर न टाकण्याचं समर्थन मी करत नाही. पण धीर आणि शरणागती या दोन वस्तू वेगळ्या आहेत, हे याच्याइतकं स्वच्छ कोणी दाखवलेलं नाही. माणसाचा वैताग मान्य करायला त्याचं म्हणणं मान्य करावं लागत नाही. शिवीगाळ, अंगावर हात, बाईमाणसाशी भलतं बोलणं, इथे मात्र वाट द्यायची नसते. तिथे नागपूरही देत नाही, आणि त्या वेळचं “काय बे” प्रेमाचं नसतं.

बुद्धाची एक गोष्ट इथे आठवते. अक्कोसक भारद्वाज नावाचा ब्राह्मण शिव्या देत आला. बुद्धाने त्याला विचारलं, तुझ्याकडे पाहुणे येतात का, त्यांना तू वाढतोस का, आणि त्यांनी घेतलं नाही तर ते अन्न कोणाचं? माझंच, तो म्हणाला. मग तुझ्या शिव्याही मी घेतल्या नाहीत, त्या तुझ्याच. गोष्ट जुनी, पण तिचा पत्ता नागपूरच्या अगदी जवळचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथेच लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली, आणि दर विजयादशमीला दीक्षाभूमीकडे येणाऱ्या लाखो लोकांनी शहराचे रस्ते भरून जातात. रात्रभर बिनआरक्षित डब्यात उभी राहून आलेली म्हातारी, हरवलेलं पोर, दुखणारे पाय, चुकलेला फाटा. वैतागायला कारणांचा तुटवडा नसतो. रस्त्याच्या कडेने मात्र पाण्याची आणि जेवणाची टेबलं लागलेली असतात, आणि वाढणारा कोणाला गाव विचारत नाही, तिकीट विचारत नाही. “जेवून घ्या माय,” एवढंच. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांविषयी करुणा बाळगण्याचीही एक आहे. पत्रावळीवरचा भात हे तिचं वाचायला सर्वांत सोपं भाषांतर. भारद्वाजाच्या गोष्टीत पाहुण्याने अन्न नाकारलं तर ते यजमानाकडे राहतं. इथे नाकारायला अवधीच मिळत नाही. हातात पत्रावळ आलेली असते.

शेवटी एक प्रश्न राहतो. येणाऱ्या-जाणाऱ्यांचा एवढा वैताग वाट देऊन पुढे सोडला, तरी थोडा अंगाला चिकटतोच. तो या शहराने कुठे टाकायचा? त्याची व्यवस्था पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असते. महाल-इतवारीच्या गल्ल्यांमधून काळी आणि पिवळी मारबत निघते. काळीची परंपरा १८८१ पासूनची, पिवळीची १८८५ पासूनची. अक्राळविक्राळ तोंडाच्या त्या प्रचंड बाहुल्या, त्यांच्यापुढे नाचणारी पोट्टी, आणि मागून बडगे: महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या. इडापिडा घेऊन जा, असं ओरडत लोक वर्षभराची कटकट त्यांच्या अंगावर घालतात आणि मिरवणूक संपली की त्यांना जाळतात. ब्रॅड बुशमन या मानसशास्त्रज्ञाने २००२ साली दाखवलं, की ज्याचा राग आला त्याला आठवत गुद्दे मारण्याच्या पिशवीवर ठोसे लगावणाऱ्यांचा राग उतरत नाही, वाढतो. मग मारबतीने काय साधतं? मला वाटतं, फरक आठवण्यात आहे. त्या प्रयोगात माणूस एकटा होता आणि डोळ्यांसमोर एक चेहरा होता. मारबतीत चेहरा शेजाऱ्याचा नसतो, खड्ड्याचा असतो. आणि खड्ड्यावर एकट्याने चिडता येतं, पण हजार जणांनी मिळून चिडायला गेलं की हसू फुटतं. हिवाळी अधिवेशनात मोर्चे येतात तेव्हा हे हसू थोडं कमी पडतं. राज्यभरची गाऱ्हाणी रेल्वेने आणि एसटीने नागपुरात उतरतात, मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटपाशी कठड्यांना टेकतात, आणि त्यांचा वैताग बेवारस नसतो. त्याला पत्ता असतो, खातं असतं, मंत्री असतो. तिथे पाणपोईने भागत नाही. तो पत्त्यावरच पोचायला हवा.

तेव्हा नागपूरला जायचं तर कधी जावं? सगळे डिसेंबर सांगतील: हवा गोड, हुरडा कोवळा, संत्री रस्त्यावर ढिगाने. डिसेंबरात कोणतंही गाव माणसाशी बरं वागतं. हौस असेल त्याने मे महिन्यात जावं, दुपारच्या गाडीने, शक्यतो उशिरा येणाऱ्या. टोपी न्यावी, कांदा खिशात ठेवायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावं. उतरल्यावर ज्याच्यावर ओरडायचं त्याच्यावर ओरडून घ्यावं. तो काही मनावर घेणार नाही. रस्ता किमान तिघांना विचारावा आणि दोघांचं जुळेल तिकडे जावं. तर्री पहिल्या दिवशी कमीच सांगावी. आणि परतीच्या दिवशी फलाटावर बाकाच्या कडेला जागा मिळाली, समोर घामाघूम होऊन, लाल तोंडाने, हातात तिकीट नाचवत कोणी उभं राहिलं, तर आपली पिशवी मांडीवर घ्यायला विसरू नये. गाडीला तसाही वेळ असतो.